वॉचमनच्या पगाराचा भागाकार करा

पुण्यातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या सर्व सभासदांना जाहीर आवाहन

३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा उरकायची म्हणून अहवालांची छपाई सुरू झाली असेल. त्यात ‘सुरक्षा खर्च’ अशी एक ओळ असते. लिफ्टच्या दुरुस्तीवर आपण तासभर भांडतो आणि ही ओळ वाचायच्या आत मंजूर करून टाकतो. यंदा तिच्यापाशी जरा थांबा, एवढं मागायला हे पत्र.

आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी तीन एजन्स्यांची कोटेशनं आली. सर्वांत कमी दराचं मान्य झालं. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. पुढे एका रात्री गेटवरच्या दादांना सहज विचारलं, “हातात किती पडतात?” त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, मग आकडा सांगितला. ड्युटी बारा तासांची, सुट्टी घेतली तर खाडा. घरी येऊन कागदावर भागाकार केला आणि तो कागद बायकोला दाखवायची लाज वाटली.

हिशेब अवघड नाही. किमान वेतन आठवड्याच्या ४८ तासांचं धरा. बारा तासांप्रमाणे सहा दिवस म्हणजे ७२ तास. वरचे २४ तास ओव्हरटाइमचे आणि ओव्हरटाइम दुप्पट दराने, म्हणून ते ४८ तासांचे पैसे झाले. थोडक्यात, बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाला किमान वेतनाच्या दुप्पट मिळायला हवं. आपण त्याला एकपट मिळतं का, एवढंच पाहतो आणि मिळत असेल तर कायदा पाळला असं समजतो. किमान दर कामगार खात्याकडे मिळतो. मूळ वेतनावरचा विशेष भत्ता महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत बदलतो, म्हणून दोन वर्षांपूर्वीचा तक्ता पुढे करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आता कागदपत्रं. एजन्सीचं मस्टर बहुधा चोख असतं, तीच तर अडचण. महिनाभर राबलेल्या माणसाचे हजेरीत दिवस कमी लावायचे की दर आपोआप बरोबर दिसतो. पूर्ण पगार बँकेत भरून वरचे पैसे रोखीने परत घेतले की पासबुकही साक्ष देतं. काही ठिकाणी एटीएम कार्डच सुपरवायझरच्या खिशात असतं. पीएफमधला मालकाचा हिस्सा रक्षकाच्याच पगारातून कापला जातो. ही हातचलाखी जुनीच. १९८२ च्या एशियाडसाठी दिल्लीत बांधकामं चालली होती, तेव्हा मजुराचा रोज होता ९ रुपये २५ पैसे. तो जमादाराच्या हाती दिला जाई आणि जमादार माणशी एक रुपया स्वतःकडे ठेवी. कागदावर किमान वेतन पुरं, मजुराच्या मुठीत सव्वाआठ. हे प्रकरण न्यायालयात गेलं, तेव्हा न्या. पी. एन. भगवती यांनी निकाल दिला की किमान वेतनाहून कमी पैशात करून घेतलेलं काम ही राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने मना केलेली सक्तीची मजुरीच होय.

म्हणून तक्रारी किती आल्या यावरून काही मोजू नका. नोकरी जायच्या भीतीने तक्रार करतो कोण? मोजायचं ते हातात पडलेल्या पैशांना प्रत्यक्ष तासांनी भागून. विचारताना मात्र जपून. गेटवर, सुपरवायझरसमोर, चारचौघांत अजिबात नको. दुसऱ्या दिवशी त्या जागी नवा चेहरा दिसेल. तीन-चार रक्षकांशी वेगवेगळं बोला आणि समितीपुढे कुणाचंही नाव घेऊ नका.

त्याआधी एक काम कुणालाही न विचारता होतं. एजन्सीचं बिल काढा. जीएसटी आणि एजन्सीचं कमिशन वजा करा, उरलेली रक्कम रक्षकांच्या संख्येने भागा. जे उरतं तेच बारा तासांच्या कायदेशीर पगाराहून कमी असेल, तर एजन्सी प्रामाणिक असली तरी तो पगार देणार कुठून? तिथे चोरी आपल्या कोटेशनमध्येच आहे.

“ते एजन्सी बघेल,” असं सेक्रेटरी म्हणतील. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्याप्रमाणे ठेकेदाराने बुडवलेली मजुरी भरायची जबाबदारी आस्थापनेच्या मालकावर येते. पूर्वी दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती, आता तीन वर्षांची आहे. भरपाई दहापटीपर्यंत जाऊ शकते. आणि पैसे दिले हे सिद्ध करायचं ओझं देणाऱ्यावर आहे, रक्षकावर नाही.

मेंटेनन्स वाढेल, हे खरं आहे. किती, ते आधी काढा. रक्षकांच्या कायदेशीर पगाराप्रमाणे होणारं बिल आणि आजचं बिल यांतला फरक फ्लॅटांच्या संख्येने भागा, आणि येणारा आकडा सभेत मोठ्याने वाचून दाखवा. हिशेबाला सोबत हवी असेल तर बिल घेऊन या, आम्ही काही सभासद रविवारी सकाळी बसतो.