बडतर्फीपूर्वींची कुजबुज

इंग्लंडांत फुटबॉल हा आतां केवळ खेळ राहिलेला नाहीं. तो कोट्यवधि पौंडांचा व्यापार झाला आहे. व्यापार म्हटला म्हणजे चाकराची नेमणूक आली, तशी बडतर्फीही आली. संघ निवडणारा व त्यास शिकविणारा जो व्यवस्थापक, तो मालकास नकोसा झाला, तर त्यास निरोप देण्याचा मालकास हक्क आहे. याविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती निरोप देण्याच्या रीतीविषयीं.

संघ चार-दोन सामने हरला कीं वर्तमानपत्रांत कांहीं ठराविक वाक्यें दिसूं लागतात. खेळाडूंचा विश्वास उडाला आहे, शिकविण्याची पद्धत जुनाट आहे, संचालक चिंतेंत आहेत, इत्यादि. सांगणाराचें नांव मात्र कोठेंच नसतें. ‘आंतल्या गोटांतून असें कळतें’ एवढ्यावर वार्ताहर थांबतो. त्यासही उद्यां बातमीसाठीं त्याच दारीं जावयाचें असतें. तो नांव कशास फोडील? आठ-पंधरा दिवस असें चाललें म्हणजे वाचकाच्या मनाची मशागत होते. आणि हुकूम सुटतो तेव्हां तो अन्यायाचा न वाटतां उशिराचा वाटतो. (कित्येक व्यवस्थापकही आपल्या मर्जींतील वार्ताहरांच्या कानीं लागतात, हें येथें सांगितलेंच पाहिजे.)

लेस्टर सिटी या क्लबचें उदाहरण पाहण्याजोगें आहे. क्लॉडिओ रानिएरी या इटालियन गृहस्थांनीं २०१६ सालीं या संघास इंग्लंडचें अजिंक्यपद मिळवून दिलें. हंगामाच्या आरंभीं पैजेच्या दुकानांत या यशाचा भाव एकास ५००० असा होता! जानेवारी २०१७ मध्यें जगांतील सर्वोत्तम शिक्षक म्हणून त्यांचा गौरव झाला. परंतु त्याच हंगामांत संघ घसरत घसरत तळाशीं आला. ७ फेब्रुवारी रोजीं क्लबनें जाहीर केलें कीं व्यवस्थापकास आमचा अढळ पाठिंबा आहे. २२ तारखेस स्पेनांतील सेव्हिल येथें संघ २-१ असा हरला. आणि २३ तारखेस रानिएरी बडतर्फ झाले. अढळपदाचें आयुष्य सोळा दिवसांचें ठरलें. गरज सरो, वैद्य मरो!

त्या दिवशीं क्लबनें जें पत्रक काढलें, त्यांत कारण स्वच्छ दिलें होतें: संघ वरच्या वर्गांतून खालीं घसरण्याचा धोका आहे, म्हणून हा कष्टदायक निर्णय घ्यावा लागला. हें कारण कोणास पटो वा न पटो, तें नांवानिशीं दिलेलें होतें, आणि आमच्या मतें तेवढें पुरेसें होतें. पण त्याबरोबरच निनावी हकीकती पसरल्या कीं खेळाडूंनींच मालकांची भेट घेऊन त्यांस घालविलें. या हकीकती कोणी पसरविल्या हें उघड झालें नाहीं, पण त्यांचें फळ कोणाच्या पदरीं पडलें तें सर्वांस ठाऊक आहे. जेमी वार्डी या खेळाडूस जिवें मारण्याच्या धमक्या आल्या. सेव्हिलच्या सामन्यानंतर झालेल्या बैठकींत तो होता, असें छापून आलें होतें. त्याचें म्हणणें असें कीं त्या वेळीं आपण उत्तेजक द्रव्यांच्या तपासणीसाठीं तीन तास अडकून पडलों होतों. म्हणजे निनावी बातमीचा बाण व्यवस्थापकासच लागतो असें नाहीं.

याच्या उलट प्रकार चेल्सी क्लबचा. डिसेंबर २०१५ मध्यें जोझे मोरिन्यो यांस काढल्यावर तेथील एक अधिकारी मायकेल एमेनालो यांनीं क्लबच्याच दूरचित्रवाणीवर येऊन सांगितलें कीं व्यवस्थापक आणि खेळाडू यांच्यांत बेबनाव स्पष्ट दिसत होता. दोनच दिवसांनीं घरच्या मैदानावर प्रेक्षकांनीं कांहीं खेळाडूंची हुर्यो उडविली. तेव्हां या भाषणानेंही आग विझली नाहींच. तरी तें आम्हांस अधिक पसंत आहे. बोलणारा समोर होता. त्यास कोणी खोटें म्हणूं शकत होता. शाळेच्या संघाचा कप्तान बदलावयाचा झाल्यास क्रीडाशिक्षक त्यास बोलावून कारण सांगतात. वर्गावर्गांतून कुजबुज सोडून त्याचें नांव आधीं खराब करीत नाहींत. मुलांस जें न्याय्य, तें कोट्यधीशांस अवघड कां व्हावें?

बडतर्फ मनुष्यास उत्तर देणेंही सोपें नसतें; कराराचे पैसे चुकते करतांना मौनाची अट बहुधा घातलेली असते. एप्रिल २०१७ मध्यें रानिएरी दूरचित्रवाणीवर बोलले, तेव्हां खेळाडूंनीं आपला घात केला असें आपणांस वाटत नाहीं, कदाचित् पाठीमागें दुसरेंच कोणी असावें, असें ते म्हणाले. तें कोण, हें त्यांनीं सांगितलें नाहीं. जें सांगावयाचें तें आपण तोंडावर सांगतों, एवढेंच त्यांचें उत्तर होतें.