नकारानंतरची पायरी

दिल्लीला लागून असलेले फरीदाबाद हे फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतीतून वाढलेले उद्योगनगर आहे. वाहनांचे सुटे भाग बनविणारे असंख्य लहानमोठे कारखाने तेथे आहेत. पॉवर प्रेसखाली कामगाराची बोटे चिरडली जाणे, ही या उद्योगातील जुनी व्यथा होय. 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' या नावाने अशा अपघातांचे अहवाल प्रसिद्ध करीत आली आहे. अपघात क्षणार्धात घडतो; त्यानंतरचा कागदपत्रांचा प्रवास मात्र दीर्घ असतो. दावा अमान्य झाल्याचे पत्र हाती पडले की अनेक जण तेथेच थांबतात. हे थांबणे सर्वांत महागात पडते.

नकार दोन प्रकारचे असतात आणि त्यांतील भेद ओळखणे ही पहिली पायरी होय. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ साली सुरू झाली. खात्यातून वर्षाला अवघे २० रुपये वळते होतात. अपघातात एका डोळ्याची दृष्टी कायमची गेल्यास, अथवा एक हात किंवा एक पाय निकामी झाल्यास या योजनेतून १ लाख रुपये मिळतात. दोन बोटे गमावलेल्या कामगाराचा दावा येथे बसत नाही. तो नकार कटू असला तरी नियमाला धरून आहे. परंतु हात शरीरावर असूनही पूर्णपणे निकामी झाला असेल, तर 'हात तुटलेला नाही' एवढ्या कारणावर दिलेला नकार मुकाट्याने स्वीकारण्याचे कारण नाही. सिव्हिल सर्जनचे प्रमाणपत्र जोडून विमा कंपनीकडे लेखी फेरविचार मागावा. तेथेही नकार आला, उत्तर असमाधानकारक वाटले, अथवा महिनाभरात उत्तरच आले नाही, तर विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या आत तक्रार करता येते. तेथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. फरीदाबाद जिल्हा लोकपालांच्या दिल्ली कार्यालयाच्या कक्षेत येतो.

दोन बोटे गमावलेल्या त्या कामगाराचे काय? त्याचे दार दुसरे आहे. तो कर्मचारी राज्य विमा योजनेत येत असेल, तर कायम अपंगत्वाचा लाभ त्याचा हक्क आहे. १९४८ च्या कायद्याच्या अनुसूचीत एका हाताची दोन बोटे गेल्यास उपार्जनक्षमतेची हानी २० टक्के, तीन गेल्यास ३० टक्के, तर चारही गेल्यास ५० टक्के मानलेली आहे. पूर्ण अपंगत्वाचा दर सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के असल्याने २० टक्के हानीसाठी त्या वेतनाच्या सुमारे १८ टक्के रक्कम आयुष्यभर मिळते. हा आकडा वैद्यकीय मंडळ ठरविते. पंचविशीतील कामगाराच्या बाबतीत त्यातील पाच टक्क्यांची घटही पुढील कित्येक दशके त्याच्या घरखर्चातून वजा होत राहते.

मंडळाचा निर्णय अंतिम नसतो. त्याविरुद्ध वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे अथवा थेट कर्मचारी विमा न्यायालयात जाता येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही अपिलाचा हा मार्ग कायम ठेवला आहे. जुन्या नियमांत न्यायाधिकरणाकडील अपिलासाठी तीन महिन्यांची मुदत होती. म्हणून निर्णय कोणत्या तारखेस हाती आला याची नोंद ठेवणे आणि विलंब न लावणे, हेच शहाणपणाचे. अपील म्हणजे कोणावर केलेला आरोप नव्हे; अपुऱ्या पुराव्यावर झालेल्या निर्णयाला पूर्ण पुरावा पुरविण्याची ती कायदेशीर संधी आहे.

येथे बँकेच्या शाखेची भूमिका येते. 'विमा कंपनीने नाकारले, आमचा संबंध नाही' हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल. पण ज्या खात्यातून हप्ता गेला, ते खाते शाखेतच आहे. हप्ता वळता झाल्याची नोंद, दावा पुढे पाठविल्याची तारीख आणि नकाराचे लेखी कारण ही तीन कागदपत्रे खातेदाराच्या हाती देण्यास दहा मिनिटे पुरतात. काउंटरवर गर्दी असते हे खरे, म्हणून ही दहा मिनिटे कोणाच्या मर्जीवर न सोडता शाखेच्या कामकाजाचा नियमित भाग व्हावीत. दावा खरोखरच नियमात बसत नसेल, तर तसे स्पष्ट सांगून दुसरे दार दाखवावे. खोटी आशा लावणे ही सेवा नव्हे. आणि अर्धवट माहिती देऊन परत पाठविणे, हीसुद्धा नव्हे.

खातेदारांनीही नकारपत्र फाडून टाकू नये. त्यावरील तारीख आणि कारण या दोन गोष्टींवरच पुढचा सारा दावा उभा राहतो. गेलेली बोटे कोणतेही न्यायाधिकरण परत देऊ शकत नाही. त्यांच्या बदल्यात कायद्याने जे देऊ केले आहे, ते तरी एका पत्रापायी गमावू नये.