प्रशिक्षण सातबाऱ्याला नको, पंप उचलणाऱ्याला हवे

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. तेव्हापासून दर खरिपात हातमोजे, मास्क, सुरक्षा किट यांचे वाटप होते, मेळावे भरतात, पत्रके निघतात. मात्र या मेळाव्यांना बोलावणे जाते ते बहुधा सातबारा नावावर असलेल्याला. पाठीवर पंप घेणारा पुष्कळदा भूमिहीन मजूर असतो. आज एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या, असा तो हंगामभर फवारत राहतो. म्हणजे सर्वाधिक विष ज्याच्या अंगावर उडते, तोच सरकारी यादीत नसतो. प्रशिक्षणाचा खरा दोष इथे आहे.

कायदा मात्र याबाबत मुका नाही. 1968 च्या कीटकनाशक कायद्याखालील 1971 च्या नियमांत संरक्षक कपडे आणि प्रशिक्षण यांची तरतूद आहे. डब्यावर विषारीपणाचा रंगीत त्रिकोणही असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी. पण अनेकदा मजुराच्या हाती डबा येतच नाही, येते ते बादलीत कालवलेले द्रावण. कोणते औषध, किती, कशात मिसळायचे हे बहुतेक वेळा कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर ठरते आणि तिथे विक्री हाच सल्ल्याचा पाया असतो. म्हणून प्रशिक्षणाची पहिली सक्ती विक्रेत्यावर हवी आणि मजुराचे प्रशिक्षण मेळाव्यात नव्हे, पेरणीनंतर लगेच गावातच, पंप हातात देऊन व्हावे. वाऱ्याकडे पाठ कशी ठेवायची, उंच वाढलेल्या कपाशीत तुषार तोंडावर कसे येतात, तुंबलेले नोझल तोंडाने का फुंकायचे नाही, भिजलेला सदरा लगेच बदलून साबणाने अंग का धुवायचे, हे करून दाखवावे लागते. डोळ्यांची बाहुली बारीक होणे, लाळ आणि घाम सुटणे ही ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधेची लक्षणे आहेत, हे मजुराच्या घरच्यांनाही माहीत हवे. दवाखान्यात जाताना डबा सोबत नेला तर उपचारांची दिशा लवकर ठरते.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की किट दिले तरी मजूर ते घालत नाहीत. खरे आहे; पण सप्टेंबरच्या दमट उन्हात रबरी पोशाख घालून दिवसभर काम करणे कुणालाही अशक्यच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आचारसंहिताच सांगते, की ज्या कीटकनाशकांसाठी त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात, ती उष्ण प्रदेशातील लहान शेतकरी-मजुरांच्या बाबतीत टाळावीत. त्यामुळे दोष मजुराच्या निष्काळजीपणावर ढकलून चालणार नाही. प्रशिक्षण हे जहाल औषध बाजारात ठेवण्याचे निमित्त होता कामा नये. दुसरा आक्षेप पिकाचा: फवारणी थांबली तर बोंडअळी शेत खाईल. पण फवारणी थांबवा असे इथे कुणी म्हणत नाही. कामगंध सापळे लावून, किडीची संख्या आर्थिक नुकसानीच्या पातळीपर्यंत पोहोचली की मगच फवारायचे, हे कृषी विद्यापीठे कधीपासून सांगत आहेत. एक अनावश्यक फवारणी वाचली तर मालकाचा खर्चही वाचतो.

तेव्हा येत्या हंगामाआधी प्रत्येक ग्रामपंचायतीने फवारणी करणाऱ्या मजुरांची यादी करावी, कृषी सहायकाने त्यांनाच आधी शिकवावे आणि कपडे, साबण, पाणी पुरवण्याची जबाबदारी शेतमालकावर लेखी टाकावी. प्रशिक्षणाचा हिशेब किती मेळावे झाले यावर न मांडता त्या यादीतले किती जण शिकले यावर मांडावा.