पेढीचा संगणक : तयार घ्यावा की जोडून?

पेढीवरील जुना संगणक बदलावयाचा ठरला की घरात बहुधा दोन पक्ष पडतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, नामांकित कंपनीचा तयार संच आणावा. महाविद्यालयात शिकणारा मुलगा अथवा पुतण्या म्हणतो, सुटे भाग निवडून जोडून घेऊ, त्याच पैशांत दुप्पट ताकदीचे यंत्र मिळेल. ‘दुप्पट’ ही तरुणाईची अतिशयोक्ती झाली, तरी त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र पेढीला मुळात किती ताकद लागते, हे आधी पाहावयास हवे.

बिले, खतावणी, मालसाठ्याची नोंद, बँकेचे व्यवहार आणि जीएसटीची विवरणपत्रे एवढ्या कामाला मध्यम प्रतीचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी पुरेशी होते. वेगळे ग्राफिक्स कार्ड खेळांसाठी किंवा चित्रफितींच्या संकलनासाठी. कापडाच्या वा किराण्याच्या पेढीवर ते केवळ वीज खाते.

सुटे भाग निवडण्याचा खरा लाभ निराळाच आहे. काही तयार संचांत मदरबोर्ड आणि वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात, हे त्या कंपनीच्याच खास मापाचे असतात. हमीची मुदत संपल्यावर तो डबा जळाला, तर बाजारातील दुसरा त्यात बसत नाही. जोडलेल्या संचात तो कोणत्याही दुकानातून आणून तासाभरात बदलता येतो. पण याच डब्यात काटकसर करण्याचा मोहही विक्रेत्यांना होतो. दरपत्रकात प्रोसेसरचे नाव ठळक, रॅमचे नाव ठळक आणि एसएमपीएसपुढे केवळ ‘स्टँडर्ड’ असे लिहिलेले असेल, तर त्याचे नाव व हमीची वर्षे लिहून मागावीत.

आता मुख्य मुद्दा जबाबदारीचा. महिन्याच्या २० तारखेला जीएसटीआर-३बी भरावयाचे आहे आणि त्याच सकाळी यंत्र सुरू होत नाही, अशा वेळी दूरध्वनी कोणाला करावयाचा? तयार संचावर जागेवर येऊन दुरुस्तीची हमी घेतलेली असेल, तर उत्तर एकच असते. जोडलेल्या संचात प्रत्येक भागाची हमी वेगळी, तिची मुदत वेगळी आणि सेवाकेंद्रही वेगळे. दोष कोणत्या भागात आहे हेच आधी शोधावे लागते. घरात हे जाणणारी व्यक्ती असेल, किंवा तालुक्याच्याच गावी वर्षानुवर्षे टिकून असलेला विक्रेता असेल, तर प्रश्न सुटतो. पुतण्या उद्या नोकरीसाठी पुण्याला अथवा बंगळुरूला गेला तर काय, याचाही विचार असावा.

बिलाच्या बाबतीत मात्र माझे मत कठोर आहे. समजा, कराशिवाय किंमत ४०,००० रुपये आहे. त्यावर १८% दराने ७,२०० रुपये जीएसटी होतो. ‘बिल नको असेल तर हे वाचतील’ असे सांगणारा विक्रेता आपले काहीच वाचवीत नसतो. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला तो कर जमेस मिळतोच. फक्त बिलावर आपला जीएसटी क्रमांक हवा आणि विक्रेत्याने आपले विवरणपत्र भरून ती नोंद आपल्या जीएसटीआर-२बीमध्ये दिसावयास हवी. (कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यांना ही सवलत नाही.) शिवाय आयकरात संगणकावर ४०% घसारा मिळतो, म्हणजे पहिल्या वर्षी १६,००० रुपये, वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्या निम्मा. ज्या वस्तूचे बिलच नाही, तिचा घसारा कसा मागणार? रक्कमही बँकेतूनच द्यावी, कारण भांडवली खर्चात एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास ती रक्कम घसाऱ्यासाठी किमतीत धरली जात नाही. दोन्ही दरपत्रकांची तुलना करताना ही आकडेमोड करून पाहावी.

तयार संचात विंडोजचा परवाना बहुधा किमतीतच असतो आणि तो त्याच यंत्राशी बांधलेला असतो. जोडलेल्या संचात तो वेगळा विकत घ्यावा लागतो. ‘टाकून देतो’ हा शब्द आपल्या बाजारात फार सैलपणे वापरला जातो. असे चोरीचे विंडोज ज्या यंत्रावर आहे, त्यावर बँकेचा पासवर्ड टंकणे म्हणजे तिजोरीची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देणे. परवान्याची किंमत मिळवली की स्वस्ताईतील अंतर बरेच कमी होते. आणखी एक सावधगिरी अशी की, फार स्वस्त जोडसंचात पुष्कळदा जुना, वापरलेला प्रोसेसर असतो. विंडोज १० ला मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि इंटेलचे आठव्या पिढीपूर्वीचे बहुतांश प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत.

म्हणून एकच यंत्र असलेल्या पेढीने तीन वर्षांच्या जागेवरील हमीसह तयार संच घ्यावा, असे मी सुचवीन. तीन-चार यंत्रे असतील आणि विश्वासू तंत्रज्ञ जवळ असेल, तर जोडून घेणे अधिक शहाणपणाचे. एक बिघडले तरी काम थांबत नाही आणि भाग परस्परांत बदलता येतात.

जुना संच बदल्यात देताना त्यातील डिस्क मात्र काढून कपाटात ठेवावी. जीएसटीचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागते, आणि त्यातील बराचसा भाग त्याच डिस्कवर असतो.