रेडा बोलला, मग पोर मुकें कां?

पुणें-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन हमरस्ते जेथें मिळतात, त्या आळेफाट्यावर कांद्याच्या गाड्यांची वर्दळ असते. जवळच आळे गांवांत रेड्याची समाधि आहे. ज्ञानोबांनीं पैठणास ज्याच्या मुखांतून वेद वदविले तोच हा रेडा, अशी भाविकांची श्रद्धा. आम्ही सत्यशोधक, जनावर मंत्र म्हणतें हें आम्हांस पटत नाहीं. परंतु ज्या कोणीं ही कथा प्रथम सांगितली, त्यानें ज्ञानाच्या मक्तेदारांस सणसणीत चपराक दिली, एवढें मात्र खरें. विद्या कोणाच्या बापाची मिरास नव्हे, हाच त्या कथेचा अर्थ.

वाचकहो, त्या समाधीपुढें नारळ फोडणाऱ्या आपण लोकांनीं स्वतःस एक प्रश्न विचारावा. रेडा बोलला म्हणून आपण हात जोडतों. पण आपलें पोर शाळेंत बोलतें काय?

जुन्नर-आंबेगांवच्या वाड्यावस्त्यांवरचीं मुलें उंसाच्या कडेनें शाळेस जातात. उंसांत बिबट्या. म्हणून आईबाप बजावतात, "एकटें जाऊं नका, जथ्थ्यानें जा, मोठ्यानें बोलत जा." थोरला धाकट्याचा हात धरतो, मागें राहिलेल्यासाठीं पुढचे थांबतात. पण वर्गाचा उंबरा ओलांडतांच हुकूम उलटा होतो. "बोलूं नको. शेजाऱ्याचें पाहूं नको. आपलें झांकून लिही." वाटेवर ज्याचा हात धरला, त्यालाच आंत मागें टाकावयाचें! बाहेर बिबट्याचें भय आणि आंत नंबराचें भय. लेंकरानें जावें तरी कोठें?

आम्ही कोणा एका शाळेकडे बोट दाखवीत नाहीं. जीव ओतून शिकविणारे गुरुजी व बाई आम्हांस ठाऊक आहेत. दोष वहिवाटीचा आहे. मागल्या बाकावर कोण बसतें तें एकदां डोळे उघडून पहा. कांदा काढणीस आलेल्या मजुराचें पोर, ठाकराचें पोर, महादेव कोळ्याचें पोर, घरची बोली तोंडांत आली कीं ज्याला हंसतात तें पोर. पहिल्यांदा पाढा चुकला, वर्ग हंसला. दुसऱ्यांदा चुकला, टोमणा मिळाला. तिसऱ्या वेळीं उत्तर येत असूनही तें तोंड उघडीत नाहीं. मग सकाळीं पोटांत दुखूं लागतें, मग शाळा बुडते, मग एके दिवशीं तें कायमचें घरीं बसतें, आणि आपण म्हणतों, "त्याच्या नशिबांत विद्या नव्हती." हें नशीब सटवाईनें लिहिलें नाहीं, तें आपण लिहिलें.

जोतिरावांनीं 1882 सालीं हंटर कमिशनपुढें मागणें केलें कीं, निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचें करा आणि शिक्षक होतां होईल तों शेतकरी वर्गांतले नेमा. शाहू महाराजांनीं 1917 सालीं करवीर राज्यांत सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षण सुरूं केलें. आज कायदा आहे, शाळा आहे, पुष्कळ ठिकाणीं गुरुजीही आपलेच आहेत. तरी पहिला नंबर खांद्यावर आणि बाकीचे पायांखालीं, ही उतरंड तशीच राहिली, तर भिक्षुकशाही गेली कोठें? तिनें जानवें टाकलें आणि गुणपत्रिका हातीं घेतली, इतकेंच!

ह्यावर उपाय परदेशांतून आणावयास नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं 1919 सालीं रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 सालीं साताऱ्यास वसतिगृह उघडलें. तेथें नाना जातींचीं मुलें एकत्र राहिलीं, एकत्र राबलीं, एका पंक्तीस जेवलीं. ज्याच्या ताटाशेजारीं बसून जेवलों, त्याला पाढा चुकला म्हणून हंसावें असें सहसा वाटत नाहीं. अलीकडचा दाखला तर शेजारच्या खेड तालुक्यांतला. जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेंत 'विषयमित्र' म्हणून रीत आहे. निरनिराळ्या वयांचीं मुलें एकमेकांस शिकवितात. 2025 सालीं जगांतील उत्तम शाळांच्या पुरस्कारासाठीं एका वर्गवारींत निवडलेल्या पहिल्या दहांत ही शाळा होती. खेडला जें साधतें तें आळ्यास कां साधूं नये?

कोणी बाप म्हणेल, "माझें हुशार पोर दुसऱ्यास शिकवीत बसलें तर मागें पडेल." अरे बाबा, तूं कुणबी ना? सावड करून शेजाऱ्याचें शेत पेरलेंस म्हणून तुझें शेत पडीक राहिलें काय? जो दुसऱ्यास समजावून देतो, त्याचेंच ज्ञान पक्कें होतें. दाणा कणगींत कोंडला तर त्याला कीड लागते. पेरला तर कणीस येतें.

मात्र दोन गोष्टींस जपावें. मुलांवर काम टाकून गुरुजींनीं खुर्चींत डुलक्या घ्याव्या, असा ह्याचा अर्थ नव्हे. आणि शिकविणारा नेहमीं पाटलाचा व शिकणारा नेहमीं मजुराचा, असें झालें तर ती सावड नव्हे, वेठ होय. आज जो भागाकार समजावील, त्यानें उद्यां ठाकराच्या पोराकडून रानांतल्या झाडांचीं व पांखरांचीं नांवें शिकावींत. पाळी सर्वांची आली पाहिजे.

1 एप्रिल 2010 पासून लागू असलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें मुलास मारणें व त्याचा मानसिक छळ करणें मना केलें आहे. शिक्षण भयमुक्त असावें असेंही त्यांत म्हटलें आहे. त्याच कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश जागा आईबापांस दिल्या आहेत. ह्या जागा सहीपुरत्या नव्हेत. आयाबायांनो, पुढच्या सभेस जा आणि उभें राहून विचारा: मुलें घोळक्यानें बसून शिकतात काय? नंबर पुकारून कोणाचा पाणउतारा होतो काय? चार दिवस न आलेल्या पोराच्या घरीं कोण गेलें? आणि सर्वांत मागें बसणारें पोर ह्या महिन्यांत किती वेळां बोललें?

ह्या चार प्रश्नांचीं उत्तरें मिळेपर्यंत उठूं नका. रेड्याला वाचा फुटली ती कथा राहूं द्या. मागल्या बाकावरच्या पोराला वाचा फुटणें हें आपल्या हातचें काम आहे.