सात तासांचा पाऊस आणि आमचं डोणगाव

परवाच्या शनिवारी एक सिनेमा पाहिला. सात तासांचा. हो, सात! मधे दोनदा चहा, एकदा जेवण, आणि संपला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. नाव 'शातानतँगो', भाषा हंगेरियन, दिग्दर्शक बेला तार, साल 1994. लास्लो क्रास्नाहोरकाई यांच्या 1985 च्या कादंबरीवरून केलेला. 2025 चं साहित्याचं नोबेल मिळालं ते याच लेखकाला.

सुट्टी टाकून गावी आलो होतो, त्यामुळे लॅपटॉप पुढच्या खोलीत. सुरुवातीलाच आठेक मिनिटं नुसत्या गायी. गोठ्यातून निघतात, चिखलातून फिरतात, बस्स. बाबा मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "गायी अशा मोकाट काहून सोडल्या रे? कोनाच्या वावरात शिरतीन ना!" मी हसलो. पण नंतर वाटलं, समीक्षकांनी या दृश्यावर पानंच्या पानं लिहिली असतील, मुद्द्याचा प्रश्न बाबांनीच विचारला. गायी मोकाट आहेत कारण तिथली सामूहिक शेती मोडलीय आणि बघणारं कोणी उरलेलं नाही.

गोष्ट साधी आहे. एक उजाड वस्ती, न थांबणारा पाऊस, निघून जायच्या बेतात असलेली माणसं. मेला असं समजलेला इरिमियाश परत येतो. गोड बोलतो, नव्या शेतीचं स्वप्न दाखवतो आणि लोकांनी जपलेले पैसे घेतो. पुढे सगळ्यांना वेगवेगळ्या गावी पांगवून टाकतो. एका लहान मुलीला तर तिचा सख्खा भाऊ सांगतो, पैसे मातीत पुर, त्याचं झाड येईल. ती पुरते. तो उकरून नेतो.

इथे मी सिनेमा थांबवला. आमच्याकडेही मी शाळेत असताना एक माणूस आला होता. शेळीपालन, दोन वर्षांत दामदुप्पट, छापील पावती वगैरे. बाबांनी सोयाबीनचे पैसे दिले. माणूस पुन्हा दिसला नाही. पावती अजून कपाटात आहे. बाबा मूर्ख नव्हते हो. दोन वर्षं पाऊस दगा देतो तेव्हा माणसाला कोणावर तरी विश्वास ठेवावाच लागतो. सिनेमा हेच सांगतो, आणि लोकांना हसत नाही.

ऑफिसातला एक मित्र म्हणाला, "एडिट केला असता तर दोन तासांत बसला असता." माझं मत उलट आहे. कोडमधला फालतू भाग काढावा, मान्य. पण इथे वाट बघणं हाच मूळ प्रोग्राम आहे. काळ्या मातीतला गारा चपलेला किलो-किलो चिकटतो, एसटी येत नाही, वीज रात्री येते... हे दोन मिनिटांत दाखवलं तर कळतं, पण जाणवत नाही.

मग आपलं काय? सदानंद देशमुख आपल्याच जिल्ह्याचे, चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे. त्यांच्या 'बारोमास'ला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातला एकनाथ एम. ए. बी. एड., पण डोनेशनला पैसे नाहीत म्हणून नोकरी नाही. असे एकनाथ आमच्या आळीत आजही आहेत. 2012 साली धीरज मेश्राम यांनी त्यावर सिनेमा केला, सीमा बिस्वास होत्या. सिनेमा निघाला हीच मोठी गोष्ट! पण निघाला हिंदीत. कादंबरीतली माणसं ज्या वऱ्हाडीत भांडतात, रडतात, ती गेली की निम्मा एकनाथ गेला, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. बेला तारने कादंबरीकाराला पटकथेत सोबत घेतलं, त्याच्या लांबलचक वाक्यांइतकेच लांब शॉट घेतले. आपल्याकडे 'गाभ्रीचा पाऊस'सारखे अपवाद सोडले तर शेतकऱ्याच्या सिनेमाला फाशीच्या दोराची फार घाई असते. दोराच्या आधीची दहा वर्षं कोण दाखवणार?

सिनेमात एक डॉक्टर आहे. खिडकीशी बसून गावाच्या नोंदी वहीत लिहितो, करत काहीच नाही. शेवटी खिडकीला फळ्या ठोकून अंधारात बसतो. त्याला बघताना अस्वस्थ झालो. मीही इंजिनिअरिंग करून निघून गेलो आणि आता शनिवार-रविवारी गावाबद्दल लिहितो. फरक इतकाच की माझ्या खिडकीला वायफाय आहे.

असो. रात्री बाबांनी विचारलं, "मंग, त्या मानसानं पैसे वापस केले का?" म्हटलं, नाही. म्हणाले, "मले वाटलंच." आणि झोपायला गेले. सात तासांत सिनेमावर झालेली ही सगळ्यात चांगली चर्चा.

पुढच्या खेपेला 'बारोमास' घेऊन येणार आहे. पुस्तक. बाबांना वाचून दाखवीन. बघू किती पानं टिकतात. बाबा नाही, मी!