विश्लेषण : डुकरांच्या पिल्लांना जस्त बंद, मग हगवण कशी रोखणार?

वराहांच्या पिल्लांना औषध म्हणून खाद्यातून दिल्या जाणाऱ्या झिंक ऑक्साइडवर युरोपीय महासंघात २६ जून २०२२ पासून बंदी आहे. तयारीसाठी पाच वर्षे मिळाली होती. तरीही बंदीनंतर डेन्मार्कमध्ये निओमायसिन या प्रतिजैविकाचा वापर वाढला.

दूध तोडल्यावर पिल्ले आजारी का पडतात?

निसर्गात डुकरीण पिल्लांना अडीच ते चार महिने पाजते. युरोपातील फार्मवर दूध तोडण्याचे किमान वय २८ दिवस आहे. स्वच्छ, स्वतंत्र आवार असल्यास २१ दिवसही चालतात. आई, दूध, जागा, सोबती सारे एका दिवसात बदलते. पिल्लू आधी खातच नाही, मग अधाशासारखे खाते. या वयात जठरात आम्ल पुरेसे तयार होत नाही. न पचलेली प्रथिने आतड्यात पुढे सरकतात आणि ई. कोलायसारख्या जिवाणूंचे फावते. आईच्या दुधाचे संरक्षण संपलेले असते आणि स्वतःची प्रतिकारशक्ती कच्ची असते. पाण्यासारखी हगवण लागते, अनेक पिल्ले दगावतात.

जस्तावर आक्षेप काय?

किलोभर खाद्यात सुमारे २५०० मिलिग्रॅम जस्त, तेही जेमतेम दोन आठवडे. उपाय स्वस्त आणि गुणकारी. मात्र बहुतांश जस्त विष्ठेतून शेतात जाते आणि धातू असल्याने मातीत साचत राहते. शिवाय जस्ताला दाद न देणारे जिवाणू अनेकदा प्रतिजैविकांनाही जुमानत नाहीत. आता पोषणापुरती १५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

पर्याय कोणते?

फॉर्मिक, बेन्झोइक यांसारखी आम्ले जठराची उणीव काही प्रमाणात भरून काढतात. उपकारक जिवाणू, यीस्ट, ओव्याला वास देणाऱ्या थायमॉलसारखे वनस्पतिजन्य घटकही वापरात आहेत. जाहिराती काहीही म्हणोत, जस्ताची जागा घेईल असा एकही घटक यात नाही. एका फार्मवर लागू पडलेले मिश्रण शेजारच्या फार्मवर फसते. त्यापेक्षा भरवशाचे म्हणजे खाद्यातील प्रथिने कमी करणे. त्याची किंमत मंदावलेल्या वाढीतून मोजावी लागते. ई. कोलायविरोधी लसही आहे.

भारताशी संबंध काय?

याच हगवणीवर जगभर कोलिस्टिन वापरले गेले. माणसांसाठी हे अखेरचे अस्त्र. त्याला निष्प्रभ करणारे, एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज जाणारे जनुक २०१५ मध्ये चीनमधील डुकरांत सापडले. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या पशुपक्ष्यांत कोलिस्टिन वापरण्यास बंदी घातली. त्यामुळे आपल्याकडील वराहपालकांपुढेही हाच प्रश्न आहे.

पिल्लांना आईजवळ अधिक दिवस ठेवणे हा सर्वांत साधा उपाय. पण त्यामुळे मादीची वर्षातील वेते घटतात, म्हणून मोठे उत्पादक तो टाळतात.